उघडीप कधी आहे?

रविवारी दुपारच्या बातम्या आटोपल्या की आयर्लंडच्या सरकारी वाहिनीवर, म्हणजे आरटीईवर, शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज लागतो. रोजचा अंदाज दोन-तीन मिनिटांत उरकतो, हा मात्र निवांत चालतो. आधी गेल्या आठवड्याचा हिशेब होतो. कुठल्या भागात किती मिलिमीटर पडला, ऊन किती तास मिळालं, जमिनीचं तापमान किती होतं, पाणी मुरतंय की साचतंय. मग पुढच्या आठवड्याकडे वळायचं: हवा कोरडी कधी राहील, फवारणीसाठी वारा कधी पडेल, कुठल्या रानात ट्रॅक्टर रुतेल. या देशात माणसं पन्नास लाखांच्या थोडी वर आणि गुरं सत्तर लाखांच्या घरात. त्यामुळे हा कार्यक्रम कुणी गंमत म्हणून बघत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर डब्लिनला भाचीकडे उतरले तो दिवस नेमका रविवार होता. पडद्यावर आयर्लंडचे चार प्रांत, त्यांच्या डावीकडे अफाट अटलांटिक आणि त्या निळ्यावर एकामागून एक येणारी समदाब रेषांची वेटोळी. अंदाज असा होता: सोमवारी नैर्ऋत्येकडून पावसाचा पट्टा, मंगळवारी अधूनमधून ऊन आणि सरी, बुधवारी बहुतेक ठिकाणी कोरडं, गुरुवारी पश्चिम किनाऱ्यावर वारा वाढत जाणार, त्यानंतर पुन्हा सरी. पारा रोज ११ ते १५च्या दरम्यान. मी वहीत पावसाचे दिवस टिपायला लागले तशी भाची म्हणाली, “मावशी, पाऊस कुठे आहे ते लिहू नकोस गं. तो आहेच. कुठे नाहीये तेवढं बघ आणि त्या हिशेबाने तिकिटं काढ. आणि छत्री बॅगेतच राहू दे.”

पुढचा आठवडा मी हेच केलं, आणि आयर्लंडला शरदात जाणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. पावसाची भीती घालणारी माणसं पुष्कळ भेटतात. उघडीप कशी ओळखायची ते कुणी सांगत नाही.

मुळात पाऊस किती? डब्लिनला वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पडतो. म्हणजे जवळपास पुण्याइतकाच. मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त कोसळतो. पण पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात, मोजून पन्नासेक दिवसांत पडून मोकळा होतो. इथे तेवढंच पाणी बारा महिन्यांवर पसरलेलं आहे. मिलिमीटरभर तरी पाऊस पडला असे दिवस पूर्व किनाऱ्यावर वर्षाला दीडशे आणि पश्चिमेकडच्या काही भागांत सव्वादोनशेच्या आसपास. पश्चिमेला हजार ते चौदाशे मिलिमीटर, डोंगरांवर दोन हजारांच्याही वर. ढगांचा गडगडाट मात्र वर्षातून मोजकेच दिवस. पावसाळ्याआधीची काहिली नाही, पहिल्या सरीचा थरार नाही, आणि पाऊस पडला म्हणून कुणी भजी तळत नाही.

थंडीचंही असंच मवाळ. डब्लिन ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्याच अक्षांशावर अटलांटिकपलीकडच्या लॅब्राडोरचा किनारा हिवाळ्यात गोठतो. इथे मात्र जानेवारीतही गवत हिरवं असतं, कारण नैर्ऋत्येकडून येणारा वारा महासागरातल्या उबदार प्रवाहावरून फिरून येतो. सबंध देशाचा उच्चांक ३३.३ अंश आहे आणि तो १८८७ साली किलकेनीत नोंदला गेलाय. विदर्भातल्या माणसाने हा आकडा ऐकून हसू नये, तिथे त्या दिवसाचं नाव अजून निघतं.

या सौम्यपणाने एकदा घात केला. १८४५च्या शरदात बटाट्यावर करपा आला. करप्याला लागते ती नेमकी आयरिश हवा: ना थंडी ना उकाडा, आणि दमटपणा सतत. गरिबाच्या पोटात बटाट्याशिवाय काही नव्हतं आणि राज्यकर्ते लंडनमध्ये होते. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. सबंध बेटाची लोकसंख्या आजही १८४१च्या आकड्याला पोचलेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ऑस्टिन बोर्क या हवामानतज्ज्ञांनी करप्याचं गणित बसवून दिलं. आर्द्रता ९० टक्क्यांच्या आणि तापमान १० अंशांच्या वर सलग बारा तास राहिलं की धोका सुरू होतो. हेच बोर्क नंतर हवामान खात्याचे संचालक झाले. उन्हाळ्यात त्या रविवारच्या कार्यक्रमात आजही करप्याचा इशारा येतो.

सोमवारी सकाळी ह्यूस्टन स्टेशनवरून गॉलवेची गाडी पकडली. अडीच तासांचा प्रवास, सरळ पश्चिमेला. डब्लिन सोडलं तेव्हा आभाळ एकसारखं करडं होतं आणि पावसाची संततधार लागली होती. असा पाऊस ओळखायला सोपा असतो. त्याला मध्ये फट नसते. अटलांटिकवरून आलेली उबदार, ओली हवा पुढे असते आणि मागून थंड हवा तिच्याखाली पाचर मारत येते. या दोन हवांच्या शिवेवर तो पडतो. हा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेला सरकतो आणि आमची गाडी पूर्वेकडून पश्चिमेला चाललेली. डब्लिनमध्ये बसून तो संपायची वाट बघितली असती तर दिवस गेला असता. त्याच्या अंगावर चालून गेल्यामुळे ॲथलोनला निम्म्या वाटेतच सुटका झाली. तिथे गाडी शॅनन नदी ओलांडते. पुलाच्या अलीकडे काचेवर ओघळ होते, पलीकडे ढगाची कड दिसायला लागली, रुळासारखी सरळ, आणि तिच्यामागे धुतलेलं निळं आभाळ. शॅनन ही देशातली सर्वांत लांब नदी, पण उतार इतका कमी की पावसाळी दिवसांत ती काठच्या कुरणांवर आडवी पसरते. नदी कुठे संपते आणि शेत कुठे लागतं ते गाडीतून कळत नव्हतं.

हा पट्टा गेला की वारा नैर्ऋत्येचा वायव्येला फिरतो, गारवा येतो आणि मग सुरू होतात सरी. शरदातल्या सरींचं कारण समुद्रात आहे. उन्हाळाभर तापलेला अटलांटिक सप्टेंबरअखेरपर्यंत फारसा थंड होत नाही. जमीन मात्र निवायला लागलेली असते. ध्रुवाकडची थंड हवा त्या कोमट पाण्यावरून आली की खालून तापते, फुगून वर चढते, तिचे ढग होतात. ते पश्चिम किनाऱ्यावर रिकामे होतात आणि आत सरकता सरकता विरतात. म्हणून वारा पश्चिमेचा असेल त्या दिवशी गॉलवेत सरीवर सर येते आणि डब्लिन कोरडं असतं. प्रवाशाने ढगांपेक्षा वाऱ्याची दिशा बघावी. वारा पूर्वेकडून वळला की हेच चित्र उलटं होतं, पण ते कमी वेळा.

गॉलवेत मी एका घरगुती मुक्कामात उतरले होते. घरमालकीण सत्तरीच्या पुढची. मंगळवारी सकाळी नाश्ता वाढता वाढता तिचा एक डोळा मोबाइलवर होता. तिथे हवामान खात्याच्या पावसाच्या रडारचं चित्र चालू होतं. डब्लिन आणि शॅनन, या दोन विमानतळांजवळच्या रडारांवरून हे चित्र बनतं. समुद्रावरून निळे-पिवळे ठिपके सरकत येत होते आणि ती ठिपके बघतच नव्हती, त्यांच्यामधली काळी जागा बघत होती. “चाळीस मिनिटं आहेत,” म्हणाली आणि बादली घेऊन परसात गेली. मीही गेले. तारेवर आधीच्या सरीचे थेंब ओळीने लटकलेले. तिने एक जुना टॉवेल मुठीत धरून तार एका दमात पुसली. चादरी वाऱ्याच्या तोंडाला आडव्या घातल्या, एकेका चादरीला चार-चार चिमटे. मोजे मात्र दोरीच्या आतल्या बाजूला, कारण सर आली की ते शेवटी काढले तरी चालतात. वारा असा होता की चादरी फटफट वाजायला लागल्या आणि पंधरा मिनिटांत त्यांचा जडपणा गेला. क्लेअरच्या बाजूने आभाळ काळवंडलं तेव्हा तिने शांतपणे चादरी काढल्या, घड्याही तिथेच घातल्या. आम्ही दारात पोचलो आणि सर आली. पाऊस सात-आठ मिनिटं पडला असेल. त्यानंतर लख्ख ऊन, अगदी आपल्या श्रावणातलं, फक्त बरंच गार.

दुपारी बारा वाजता खाडीवर इंद्रधनुष्य होतं. आपल्याकडे पावसाळ्यात भर दुपारी ते दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळीच. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असला की कमान जमिनीखाली जाते. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे माध्यान्हीचा सूर्यसुद्धा तिशीच्या आत असतो. त्यामुळे दिवसभरात कधीही, जिथे सर आणि ऊन एकत्र तिथे कमान. पहिल्या दोन-तीन वेळा मी फोटो काढले. नंतर सोडून दिलं.

गॉलवेहून बसने दक्षिणेला गॉर्ट नावाचं गाव आहे आणि तिथून तीनेक किलोमीटरवर कूल पार्क. लेखिका लेडी ग्रेगरी यांची ही इस्टेट. घर १९४१ साली पाडलं, पण बागेतला तो बीच वृक्ष आहे ज्याच्या खोडावर येट्स, शॉ, सिंग अशा पाहुण्यांनी आपली आद्याक्षरं कोरून ठेवली. साहित्यप्रेमी त्या झाडापाशी थबकतात. मला मात्र खरं आकर्षण होतं ते तळ्याचं. या भागात सगळा चुनखडक, आणि चुनखडकावर पाणी वर टिकत नाही. ते भेगांतून खाली उतरतं आणि भुयारी वाटांनी वाहतं. पाऊस वाढून जमिनीखालची पातळी चढली की तेच पाणी खालच्या भोकांतून वर येतं आणि सखल रानाचं तळं होतं. वसंतात किंवा उन्हाळ्यात पातळी उतरली की त्याच भोकांतून ते परत खाली जातं. उन्हाळ्यात जिथे गाई चरतात तिथे हिवाळ्यात हंस पोहतात. या तळ्यांना टरलॉक म्हणतात, आणि ती जगात मुख्यतः आयर्लंडच्या पश्चिमेलाच सापडतात. शरद हा त्यांचा भरण्याचा काळ.

मी गेले तेव्हा कूलचं तळं भरत होतं. पायवाट सरळ पाण्यात गेलेली. अर्धं कुंपण वर, अर्धं खाली. काठावरच्या खडकांवर आणि खोडांवर एका ठरावीक उंचीपर्यंत काळसर शेवाळ होतं, हात लावला तर राठ, वाळलेल्या केसांसारखं. पाणी चढून-उतरून जगणारं ते शेवाळ आहे. ते संपतं तिथवर पूर येतो असं समजावं. काही ठिकाणी ती रेष माझ्या डोक्याच्या वर होती. वर हवामान खातं मिलिमीटर मोजतं, आणि इथे खडकांनी आपली नोंदवही ठेवलेली. हे पाणी पुढे जमिनीखालून वाहत पश्चिमेला किनव्हारा गावाजवळ समुद्राला मिळतं; ओहोटीला तिथल्या किनाऱ्यावर गोडं पाणी दगडांतून उसळताना दिसतं. गमतीचा भाग संपतो तो जोराच्या हिवाळ्यात. २००९ साली आणि पुन्हा २०१५-१६च्या हिवाळ्यात हीच तळी पसरून गॉर्टच्या आसपासची घरं आणि रस्ते आठवडेच्या आठवडे पाण्यात राहिले. नदीचा पूर ओसरतो, हा ओसरायला जमिनीखाली जागा व्हावी लागते.

हंस होते. आइसलँडहून येणारे हंस ऑक्टोबरात उतरायला लागतात. येट्सची या तळ्यावरच्या हंसांची कविता प्रसिद्ध आहे, म्हणून इथे येणारा प्रत्येकजण आधी मोजायला लागतो. मी मोजले नाहीत; पुढची सर पाण्यावरून चालत येताना स्पष्ट दिसत होती आणि बसथांबा लांब होता.

मोहरच्या कड्यांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. कडे ढगात होते.

बुधवारची उघडीप मी अ‍ॅरन बेटांसाठी राखून ठेवली होती. त्यासाठी टीव्हीचा अंदाज पुरत नाही, रेडिओवरचा सागरी अंदाज ऐकावा लागतो. तो पहाटे, दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास लागतो आणि त्यात देशाचा सगळा किनारा भूशिरांच्या नावांनी फिरून येतो. मालिन हेड, हाउथ हेड, कार्नसोर पॉइंट, रोशेस पॉइंट, व्हॅलेन्शिया, लूप हेड, स्लाइन हेड, एरिस हेड. प्रत्येक टप्प्यात वाऱ्याची दिशा आणि जोर. जोर सांगतात तो बोफर्टच्या मापात, आणि हे फ्रान्सिस बोफर्ट आयर्लंडचेच, १७७४ साली मीथ परगण्यातल्या नॅव्हनला जन्मलेले. मुळात ते माप त्यांनी जहाजावर किती शीड ठेवता येईल त्यावरून बसवलं होतं. यादीतल्या व्हॅलेन्शियाचीही कथा आहे. १८६०च्या ऑक्टोबरात त्या केरीतल्या बेटावरून हवामानाची पहिली तार गेली. युरोपच्या या टोकाला वारा आधी पोचतो, म्हणून इथे बसलेल्या माणसाला उद्याची बातमी आज कळते, हे रॉबर्ट फिट्झरॉय यांनी हेरलं होतं. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून गेला त्याचे हे कप्तान. अमेरिकेला जाणारी समुद्राखालची तारही त्याच बेटावरून टाकली गेली. वेधशाळा १८९२ साली समोरच्या काहिरसिव्हीन गावात हलली, पण नाव व्हॅलेन्शियाच राहिलं.

बुधवारी स्लाइन हेडला वारा तीन-चारच्या जोराचा होता. रॉसाव्हीलच्या धक्क्यावरून निघालेली बोट चाळीसेक मिनिटांत इनिश मोर बेटावर किलरोननला लागली. सायकल भाड्याने घेतली आणि डून एंगसच्या वाटेला लागले. हा प्राचीन दगडी कोट थेट कड्याच्या टोकावर आहे आणि समुद्राच्या बाजूला भिंतच नाही. कठडाही नाही. वारा सहाच्या वर असेल त्या दिवशी तिथे जाऊ नये.

पण बेटावर बघायच्या त्या भिंती, शेतांच्या. दगडावर दगड, चुना नाही, माती नाही. मी एका भिंतीला डोळा लावून पाहिलं तर पलीकडची गाय तुकड्यातुकड्यांत दिसत होती: शिंग एका भोकात, कान दुसऱ्यात. भिंत भरीव असती तर पहिल्या वादळात आडवी झाली असती. ही वारा चाळून घेते, त्यामुळे पलीकडे तो मंदावतो आणि पीक उभं राहतं. फाटकंही नाहीत. गुरं आत घ्यायची असली की भिंतीचा तेवढा भाग उतरवायचा आणि मागून परत रचायचा. आतली माती माणसांनी वाहून आणलेली, वाळू आणि समुद्रातलं शेवाळ थरांनी घालून केलेली. अशा जमिनीत बटाटे काढणारा माणूस हवामानाबद्दल तक्रार करताना ऐकला नाही. दुकानदाराने एवढंच विचारलं की उद्या इथेच राहणार का, कारण उद्या बोट नाही.

उद्या म्हणजे गुरुवारी अंदाज तंतोतंत खरा ठरला. सकाळी पिवळा इशारा आला. इशारे तीन रंगांचे: पिवळा, नारिंगी, लाल. २०१५ पासून आयर्लंड आणि ब्रिटनची हवामान खाती मिळून वादळांना नावं देतात, पुढे नेदरलँड्सही सामील झालं. नाव मिळायला साधारण नारिंगीची पात्रता लागते. आमचं वादळ पिवळ्यावरच भागलं, बिनानावाचं राहिलं. तरी गॉलवेतल्या सॉल्टहिलच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर लाटा कठड्यावरून येत होत्या आणि माझ्यासमोर एका पर्यटकाची छत्री उलटी होऊन तिच्या काड्या हातात राहिल्या. भाचीचा सल्ला तेव्हा पटला. इथे टोपीचा, कमरेखाली येणारा रेनकोट हवा आणि बूट पाणी न शिरणारे.

दिवसभर घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात बसून वादळांच्या गोष्टी ऐकल्या. १६ ऑक्टोबर २०१७चं ओफेलिया तिला काल घडल्यासारखं आठवतं. सबंध देशाला लाल इशारा, दोन दिवस शाळा बंद, फास्टनेट दीपगृहावर ताशी १९१ किलोमीटरचा झोत, तीन मृत्यू. पंतप्रधानांनी लोकांना घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. ते पंतप्रधान लिओ वराडकर, वडिलांकडून मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचे. मी हे सांगितल्यावर बाईंनी विचारलं, तिकडे वारा असतो का? त्यानंतर २०२५च्या जानेवारीत एओविन आलं आणि कॉनेमारातल्या मेस हेडला ताशी १८० किलोमीटरच्या वरचा झोत नोंदून मुख्य भूमीवरचा १९४५चा उच्चांक मोडला. बाईंच्या घरात कित्येक दिवस वीज नव्हती.

पण त्यांच्या आजीच्या आजीचं वादळ सगळ्यांत मोठं. ६ जानेवारी १८३९च्या रात्रीचं. त्याला ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ असंच नाव आहे. गावंच्या गावं उघडी पडली. सत्तर वर्षांनी त्या रात्रीचा भलताच उपयोग झाला. १९०९ साली सत्तरीपुढच्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं, पण आयर्लंडमध्ये सर्वांची जन्मनोंदणी १८६४ पासूनची. मग म्हाताऱ्यांचं वय ठरवायचं कसं? तेव्हा विचारायचे, मोठा वारा आठवतो का? आठवणाऱ्यांची संख्या अर्थातच फुगली. आयर्लंडमध्ये इतक्या सगळ्यांना इतकं स्पष्ट आठवणारं दुसरं काही घडलं नसेल.

शनिवारी भाची आणि जावई गाडी घेऊन आले आणि आम्ही मेयोला निघालो. कॉनेमाराच्या डोंगरांवर सरींचे पडदे, मधल्या दलदलीच्या रानांवर ऊन. गवत शरदात तांबूस-पिवळं होतं आणि ओलं असताना आणखी गडद दिसतं. झाडी या देशात कमी, जेमतेम बारा टक्के जमिनीवर, त्यामुळे शरदाचा रंग पानांपेक्षा या रानांत बघावा. जावई गाडी हाकत होते. “मावशी, उजवीकडे बघा, पटकन,” असं म्हणेपर्यंत ऊन पुढच्या टेकडीवर गेलेलं असायचं.

बेलमलेटच्या पुढे एक लांब, सपाट, बोडका भूभाग समुद्रात शिरतो. त्याच्या टोकाला ब्लॅकसॉड. ग्रॅनाइटचं बसकं दीपगृह, धक्का, चार घरं. १९४४ साली इथल्या पोस्टात मॉरीन फ्लॅव्हिन नावाची तरुणी मदतनीस होती. दर तासाला वायुभारमापक बघून आकडा डब्लिनला कळवणं हे तिच्या कामातच होतं. आयर्लंड युद्धात तटस्थ होतं, तरी हवामानाच्या नोंदी गुपचूप इंग्लंडला जात. ३ जून हा तिचा एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी तिने भरभर उतरणारा दाब कळवला. थोड्या वेळाने फोन आला. एका इंग्रज बाईने विचारलं, कृपया पुन्हा तपासता का? मग पुन्हा एकदा. दीपगृहाचा रखवालदार टेड स्वीनी, ज्याच्याशी तिने पुढे लग्न केलं, त्यानेही आकडा ताडून पाहिला. आकडा बरोबर होता. वादळ येत होतं. ५ जूनला ठरलेली नॉर्मंडीची चढाई हवामान सल्लागार स्टॅग यांच्या सांगण्यावरून आयझेनहॉवरनी एक दिवस पुढे ढकलली आणि दीड लाखाहून अधिक सैनिक त्या वादळात सापडले नाहीत. मॉरीनना हे कळलं १९५६ साली, तोवर त्यांच्या लेखी तो एक उतरता आकडा होता. त्या शंभर वर्षांच्या होऊन २०२३च्या डिसेंबरात गेल्या.

आम्ही तिथे उभे होतो तेव्हा वारा पश्चिमेचा, जोर पाच. भाचीने मोबाइल काढला. पुढच्या सरीला पंचवीस मिनिटं होती. तेवढ्यात धक्क्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. शेंगेनचा व्हिसा इथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. अंदाज हवामान खात्याचाच बघावा; दोन-तीन दिवसांपलीकडे तास-मिनिटांवर विसंबू नये, वाऱ्याच्या दिशेवर विसंबावं. बेटांचा बेत आठवड्याच्या सुरुवातीलाच एका दिवसाला बांधून ठेवू नये, मुक्काम गॉलवेत ठेवून कोरडा दिवस आला की निघावं. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर पाचच्या सुमारास दिवेलागण होते आणि बोटींचं हिवाळी वेळापत्रक लागतं, तेव्हा अ‍ॅरनची परतीची शेवटची बोट किती वाजता सुटते ते तिकीट काढतानाच विचारून घ्यावं.